क्लिप काढल्यानंतरचा रिटेनर: घट्ट बसला, पिवळा पडला, किती दिवस घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावची अठरा वर्षांची मुलगी कराडला हॉस्टेलवर राहते. अडीच वर्षे दातांना क्लिप होती, ती दोन महिन्यांपूर्वी काढली. वरच्या दातांना पारदर्शक रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे कवच, दिला आहे आणि खालच्या पुढच्या दातांना आतल्या बाजूने बारीक तार चिकटवली आहे. गणपतीत घरी आली तेव्हा प्रसाद, फराळ, येणेजाणे यांत चार दिवस रिटेनर डबीतच राहिला. आता घालताना घट्ट लागतो, पुढचे दोन दात दुखतात. शिवाय तो पिवळट झाला आहे आणि त्याला वास येतो. आईने विचारले आहे की उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करावा का, हे किती महिने चालणार, आणि खालच्या तारेला काही करावे लागते का.

सगळ्यात आधी, उकळत्या पाण्यात टाकू नका. पारदर्शक रिटेनर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, दातांच्या साच्यावर दाबून केलेला असतो. उष्णतेने घेतलेला आकार तो उष्णतेनेच सोडतो. गरम पाण्यातून काढल्यावर तो डोळ्यांना तसाच दिसतो, पण दाढेकडची बाजू अर्धा मिलिमीटर जरी आत वळली तरी नीट बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर दाताला चुकीच्या दिशेने ढकलतो. नळाचे साधे पाणी पुरते. थंडीत कोमट घ्यायचे असेल तर मनगटावर ओतून बघा, गरम लागले तर ते रिटेनरसाठी जास्तच आहे. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीतही हेच होते.

आता घट्टपणाकडे वळू, कारण या सगळ्या प्रश्नात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. दात हलले आहेत का, हे डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी रिटेनर सांगतो. चार दिवसांत दात थोडे हलले आहेत. किती, ते आज घरीच पाहता येईल.

मुलीला चांगल्या उजेडात आरशासमोर उभे करा. रिटेनर पाण्याने ओला करून आधी पुढच्या दातांवर ठेवायचा, मग दोन्ही हातांच्या बोटांनी दाढांवर एकाच वेळी, सावकाश दाबायचा. वरच्या-खालच्या दातांत धरून चावून बसवायचा नाही. बरीच मुले तसे करतात आणि त्यानेच प्लास्टिकला चिरा पडतात. बसल्यावर पटाशीच्या दातांची कड प्लास्टिकच्या आतल्या टोकाला टेकली आहे का ते पाहा. टेकली नसेल तर तिथे हवेची पोकळी दिसते, पाण्याचा बुडबुडा अडकल्यासारखी. मग एका बाजूच्या दाढेवर बोट दाबा आणि दुसरी बाजू उचलली जाते का ते बघा.

पूर्ण टेकला आहे, कुठे डुगडुगत नाही, फक्त ताण जाणवतो, असे असेल तर काळजीचे कारण नाही. जेवण आणि ब्रश सोडून तो दिवसरात्र घालायचा. ताण पहिल्या काही तासांत कमी होऊ लागतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. पुढे निदान आठवडाभर तासांत सूट घेऊ नका. हलकी पोकळी आहे, पण कालपेक्षा आज कमी आहे, तरीही हेच करायचे आणि रोज त्याच उजेडात पाहायचे. मात्र कडेशी सुमारे एक मिलिमीटरची फट राहत असेल, रिटेनर डुगडुगत असेल, किंवा दोन-तीन दिवसांनंतरही दुखणे तसेच असेल, तर दाबून बसवणे थांबवा आणि त्याच आठवड्यात ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे क्लिप लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरांना, दाखवा. बसत नसलेला रिटेनर जोर लावून घातल्याने दात जागेवर येत नाहीत. एकाच दातावर नको तेवढा दाब येतो आणि प्लास्टिक तिथेच तडकते. या टप्प्यावर नवा रिटेनर करून किंवा थोडी दुरुस्ती करून काम भागते. दोन-तीन महिने गेले तर पुन्हा क्लिप लावण्याची गोष्ट निघते.

चार दिवसांत असे का व्हावे, हे कळले तर मुलगी स्वतःहून रिटेनर घालेल. दात हाडात थेट रोवलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्या तंतूंवर तोलून धरलेला असतो. क्लिपने दात सरकवताना हे तंतू ताणले जातात. क्लिप काढली त्या दिवशी दात नव्या जागी असतो, पण तंतूंची मांडणी अजून जुनीच असते. मुळाभोवतीचे तंतू नव्याने जुळायला साधारण तीन-चार महिने घेतात. हिरडीतले जाड तंतू चार ते सहा महिने घेतात. दाताच्या मानेभोवती हिरडीत जे लवचीक तंतू असतात, ते वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ दाताला मागे ओढत राहतात. म्हणून वाकडा फिरलेला दात सरळ केलेला असेल तर तो सगळ्यात आधी परत फिरतो. पुढच्या दोन दातांमधली फट बंद केलेली असेल तर तीही लवकर उघडते. तुमच्या मुलीचे दुखणारे दोन दात आधी फिरलेले होते का, हे जुन्या फोटोत पाहा. बहुधा तेच असतील. फारच फिरलेला दात असेल तर डॉक्टर कधी कधी हिरडीतले ते तंतू छोट्या शस्त्रक्रियेने सोडवतात, पण त्यानंतरही रिटेनर लागतोच.

म्हणजे मुलगी आता ज्या टप्प्यावर आहे, क्लिप काढून दोन महिने, तो सगळ्यात नाजूक काळ आहे. या काळात चार दिवसांची सुट्टी आणि तीन वर्षांनंतरची चार दिवसांची सुट्टी सारखी नाही.

किती तास घालायचा, यावर डॉक्टरांचे मत थोडे वेगवेगळे असते. काही जण पारदर्शक रिटेनर सुरुवातीपासून फक्त रात्री घालायला सांगतात, आणि बऱ्याच जणांना ते पुरतेही. तुमच्या डॉक्टरांनी दिलेले वेळापत्रक तेच पाळा. पण तिचा रिटेनर चार दिवसांत घट्ट झाला, याचा अर्थ तिच्या दातांना सध्या जास्त तास हवे आहेत. अशा वेळी पहिले सहा महिने दिवसाचे 20 ते 22 तास हा सुरक्षित हिशेब आहे. 22 तास म्हणजे बाहेर ठेवायला दोन तास उरतात. तीन जेवणे-नाश्ते प्रत्येकी 25 मिनिटे, म्हणजे 75. दोन वेळचा चहा दहा-दहा मिनिटे, म्हणजे 20. सकाळ-रात्रीचा ब्रश मिळून 10. उरलेली 15 मिनिटे खाल्ल्यावर चूळ भरणे, रिटेनर धुणे यात जातात. हिशेब इथेच संपतो. आपल्याकडे चहा दिवसातून पाच वेळा होतो आणि प्रत्येक वेळी रिटेनर काढून तो अर्धा तास बशीत पडून राहतो. गणपतीत तर दर घरी प्रसाद. म्हणून अधूनमधून खाण्याची सवयच थोडी बदलावी लागते. खाणे दोन-तीन वेळांत एकत्र आणायचे, आणि प्रसाद हातात घेऊन जेवणाबरोबर खायचा.

सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांनी पाहून सांगितले की, फक्त रात्री. इथे घट्टपणाचा नियम फार कामाला येतो. रात्री घालताना रिटेनर सहज बसला, तर रात्रीचे तास पुरत आहेत. रोजच रात्री घट्ट लागत असेल, तर दिवसभरात दात सरकत आहेत आणि रात्री रिटेनर त्यांना परत आणतो आहे. ही रोजची ये-जा दातांना चांगली नाही. काही आठवडे पुन्हा दिवसाही घाला आणि मग हळूहळू तास कमी करा. वर्ष-दीड वर्षानंतर एखादी रात्र सोडून पाहता येते. दुसऱ्या रात्री सहज बसला तर ठीक, घट्ट लागला तर पुन्हा रोज.

आणि हे बंद कधी करायचे? तुमच्या प्रश्नातल्या "किती महिने"चे खरे उत्तर असे आहे की दात सरळ राहायला हवेत तोपर्यंत आठवड्यातल्या काही रात्री तरी रिटेनर तोंडात असावा. हे ऐकून आई-वडील नाराज होतात, ते समजण्यासारखे आहे. पण यात क्लिपच्या उपचाराचा दोष नाही. खालच्या पुढच्या दातांची गर्दी वय वाढेल तशी ज्यांनी कधी क्लिप लावली नाही त्यांच्यातही वाढते, कारण जबड्यातली दातांची कमान वर्षानुवर्षे थोडी थोडी आखडत जाते. अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते म्हणून गर्दी होते असे खूप ऐकू येते. ते सिद्ध झालेले नाही, आणि केवळ पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढून टाकायची गरज नसते. दाढेत कीड असेल, ती अडकून हिरडी सुजत असेल, तर ती कारणे वेगळी.

आता पिवळेपणा आणि वास. पिवळा रंग दोन कारणांनी येतो. पहिले कारण म्हणजे हळद. रिटेनर घालून भाजी-आमटी खाल्ली, किंवा जेवल्यावर चूळ न भरताच तो परत घातला, तर हळदीचा रंग प्लास्टिकमध्ये मुरतो. सांगलीकडच्या स्वयंपाकात हळदीचा हात सैल असतो, त्यामुळे इथे हे फारच दिसते. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो म्हणून काही जण रिटेनर उन्हात ठेवतात. तसे करू नका, डाग जाईल पण आकारही जाईल. हळदीचा फिका रंग दिसायला वाईट असला तरी त्याने कामात फरक पडत नाही. चहाचा डागही तसाच.

दुसरे कारण जंतूंचा थर, आणि वास त्याचाच. लाळेतले क्षार त्यात बसले की तो थर पांढरट-पिवळा, खरखरीत होतो, दातांवर कीटण चढते तसा. आतल्या खोलगट भागांत तो जास्त असतो, कारण ब्रश तिथे पोचत नाही. बोअरचे जड पाणी असेल तर धुतल्यावर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डागही त्यात भर घालतात. कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत ही अडचण आहे. शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्याने केले तर डाग कमी पडतात.

स्वच्छ करायची रोजची पद्धत साधी आहे. तोंडातून काढल्या काढल्या, वाळायच्या आत, वाहत्या पाण्याखाली धरा. वाळलेला थर निघत नाही, ओला लगेच निघतो. मग त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला मऊ ब्रश घ्या, त्यावर बिनरंगी लिक्विड साबणाचा किंवा भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, आणि आतली बाजू नीट घासा, प्रत्येक दाताचा खळगा वेगळा. बाहेरची बाजू शेवटी. मिनिटभर पुरते. भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर साबणाची चव राहते आणि मुले मग साबणच सोडून देतात. सकाळी उठल्यावर आणि रात्री ब्रश केल्यावर, असे दोनदा. ब्रश करताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल अंथरा. हातातून सुटून फरशीवर पडला की टोकाला चीर जाते.

टूथपेस्ट लावू नका. दातांसाठी चालणारा तिचा खरखरीतपणा प्लास्टिकसाठी जास्त होतो. बारीक ओरखडे पडतात, रिटेनर धुरकट होतो, आणि त्या ओरखड्यांत जंतू आणखी घट्ट बसतात. दंतमंजन, राखुंडी, मशेरी यांचे तर नावच नको. सॅनिटायझर, डेटॉल, कपड्यांचे ब्लीच, रंगीत माउथवॉश हे सगळे टाळा.

आठवड्यातून एक-दोन वेळा रिटेनर किंवा कवळी स्वच्छ करायच्या विरघळणाऱ्या गोळ्या वापरा. सांगली, मिरज, कराडच्या मोठ्या मेडिकलमध्ये त्या मिळतात. साध्या पाण्याच्या वाटीत एक गोळी टाकायची, पाकिटावर जेवढा वेळ दिला असेल तेवढाच रिटेनर त्यात ठेवायचा, मग घासून आणि धुऊनच तोंडात घालायचा. गोळीचे पाणी प्यायचे नसते, हे लहान भावंडांनाही सांगून ठेवा. गोळी नसेल तर कपभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटे भिजवले तरी वास बराच जातो. सध्या जो खरखरीत थर बसला आहे त्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून त्यात 15 ते 20 मिनिटे ठेवा, मग मऊ ब्रशने घासा. आठवड्याने पुन्हा एकदा करा. तरीही थर निघाला नाही तर टोकदार वस्तूने खरवडू नका, डॉक्टरांकडे न्या. तिथे तो मशीनमध्ये काही मिनिटांत निघतो.

एक गोष्ट मात्र रंग-वासापेक्षा कितीतरी गंभीर आहे. पारदर्शक रिटेनर घालून गोड पिणे. उसाचा रस, कोल्ड्रिंक, साखरेचा चहा, सरबत हे दात आणि प्लास्टिक यांच्यात शिरते आणि तासन् तास तिथेच राहते. एरवी लाळ दात धुऊन काढते, पण रिटेनरखाली लाळ पोचत नाही. अशा मुलांच्या दातांच्या कडेला पांढरे खडूसारखे डाग येतात आणि मग कीड लागते. रिटेनर तोंडात असताना फक्त साधे पाणी. बाकी काहीही प्यायचे तर काढून, आणि पुन्हा घालताना चूळ भरून. शक्य असेल तिथे ब्रश करून. जेवणानंतर दात न घासता, निदान खळखळून चूळ न भरता रिटेनर घातला तर अन्नाचे कण दातांवर दाबून ठेवल्यासारखे होते.

काढायची पद्धतही सांगतो, कारण रिटेनर तुटायचे निम्मे कारण तिथे असते. एका बाजूने खेचायचे नाही. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढांच्या आतल्या कडेला बोटाचे टोक घालून आधी मागचा भाग दोन्हीकडे सैल करायचा, मग पुढे यायचे. जिभेने वर-खाली करत खेळायची सवय लागते, ती पहिल्यापासून मोडा. तशा खेळाने प्लास्टिक सैल होते आणि दातही सतत हलत राहतात.

काहींना पारदर्शकऐवजी टाळूला प्लास्टिकची प्लेट आणि पुढे तार असलेला रिटेनर दिलेला असतो. तो काढताना पुढची तार धरायची नाही, दाढेवरच्या आकड्यांना नखाने खाली ओढायचे. पुढची तार वाकली की तिचा दाब बदलतो. या प्लेटने सुरुवातीला स, श, च अडखळतात. मोठ्याने वाचले की काही दिवसांत उच्चार नीट होतात. ती प्लेट बराच वेळ बाहेर ठेवायची असेल तर स्वच्छ पाण्यात ठेवा. टाळूवर प्लेटच्या आकाराचा लाल पट्टा दिसला तर दाखवा, तो बुरशीचा संसर्ग असू शकतो.

आता खालची तार. लोकांचा समज असा की चिकटवलेली तार म्हणजे निश्चिंती. ती तोंडात विसरता येत नाही, हा तिचा मोठा फायदा आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करणे फार सोपे असते. ही तार बारीक पिळलेल्या तारांची असते आणि एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत सहा दातांना आतून गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेली असते. नेमक्या याच जागी, खालच्या पुढच्या दातांच्या आत, लाळेच्या ग्रंथी उघडतात आणि कीटण सगळ्यात लवकर चढते. तारेमुळे ते आणखी धरते. हिरडी सुजली, ब्रश करताना रक्त येऊ लागले, तर पहिला संशय इथे घ्या.

रोज रात्री ब्रशचे डोके उभे धरून तारेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घासायचे. मग फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक धागा. तारेमुळे साधा फ्लॉस वरून आत जात नाही, म्हणून एक टोक कडक असलेला खास फ्लॉस घ्या, किंवा प्लास्टिकच्या सुईत साधा फ्लॉस ओवा. कडक टोक ओठाच्या बाजूने, तारेच्या खालून, दोन दातांच्या फटीतून जिभेकडे काढायचे. मग फ्लॉस एका दाताला बिलगवून हिरडीपर्यंत दोन-तीनदा वर-खाली, तसेच शेजारच्या दाताला, आणि ओढून बाहेर. सहा दातांत पाच फटी असतात. सुरुवातीला दहा मिनिटे लागतात, हात बसला की तीन. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड तरी करायलाच हवे. दर सहा महिन्यांनी दातांची सफाई करून घ्या आणि करणाऱ्याला तार आहे हे आधी सांगा.

फ्लॉस करताना तार तपासूनही होते. गोंदाचा ठिपका शाबूत असेल तर त्या दातापाशी फ्लॉस अडतो. फ्लॉस दात आणि तार यांच्या मधून सरळ वर निसटला, तर तिथला गोंद सुटला आहे. नखाने तार हळूच दाबून पाहा. हलली तर तेच. हे दुखत नाही, म्हणूनच महिनोन् महिने कळत नाही, आणि तेवढ्यात तो एकटा दात वळतो. कधी तार तुटत नाही, पण किंचित वाकते आणि स्वतःच दाताला ढकलू लागते. एखाद्या सुळ्याची हिरडी खाली उतरली, मूळ पुढे आल्यासारखे दिसले, किंवा एक दात शेजाऱ्यांपेक्षा वेगळा कलला, तर ताबडतोब दाखवा. अशा वेळी तार काढून टाकावी लागते, ती ठेवून चालत नाही. तारेचे टोक सुटून जिभेला टोचत असेल तर क्लिपच्या वेळी दिलेले मेण त्यावर दाबून बसवा आणि डॉक्टरांना फोन करा. नेलकटरने कापू नका, तुकडा गिळला जाण्याची भीती असते.

खाण्यात खालच्या पुढच्या दातांनी तोडायचे पदार्थ टाळायचे. ऊस सोलणे तर अजिबात नाही. पेरू, सफरचंद, मक्याचे कणीस, खारीक, कडक भाकरीची कड, मटणाचे हाड हे कापून किंवा दाढेने खा. भडंग, बेदाणे, कांदी पेढा यांनी तार तुटत नाही, पण ते तारेखाली जाऊन बसतात. खाल्ल्यावर चूळ आणि त्या रात्री फ्लॉस चुकवू नका.

हॉस्टेलवर रिटेनर हरवण्याची ठरलेली जागा म्हणजे मेस. जेवताना तो टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला जातो आणि ताटाबरोबर कचऱ्यात जातो. म्हणून दोन कडक, छिद्रे असलेल्या डब्या हव्यात, एक खोलीत आणि एक सॅकमध्ये, दोन्ही गडद रंगाच्या. नियम एकच: तोंडात नाही तर डबीत. खिशात नाही, उशीखाली नाही, खिडकीच्या कट्ट्यावर नाही. घरी कुत्रे असेल तर उंचावर ठेवा, कुत्र्यांना लाळेचा वास ओढतो आणि एका मिनिटात रिटेनरचा चुरा होतो. नदीत किंवा तलावात पोहताना काढून ठेवा. कबड्डी, कुस्तीच्या वेळीही काढा. तो दातांचे संरक्षण करत नाही, उलट फुटून ओठाला लागतो. त्या खेळांना वेगळा माउथगार्ड असतो.

हरवला किंवा तुटला तर या टप्प्यावर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका, दोन-तीन दिवसांत हालचाल करा. घरी यायला जमत नसेल तर कराडमध्येच कोणाकडे माप देता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारा. कराड आणि सांगली दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत, तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग असतो. चीर केसासारखी असेल आणि कड टोचत नसेल तर नवा येईपर्यंत तोच घाला. तुकडा सुटण्याच्या बेतात असेल तर घालू नका, झोपेत तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. फेविक्विकने चिकटवू नका. जोडलेली जागा बसत नाही आणि तो गोंद तोंडात घालण्यासारखा नाही.

जपून वापरला तर पारदर्शक रिटेनर साधारण एक-दोन वर्षे चालतो. झोपेत दात खाणाऱ्यांचा दाढांपाशी लवकर झिजून भोक पडते. तसे दिसले तर डॉक्टरांना सांगा, त्यांना जाड प्रकार द्यावा लागतो. टाळूची प्लेट अनेक वर्षे टिकते.

पुढच्या भेटीत काही गोष्टी आठवणीने विचारा. दातांचा साचा किंवा स्कॅनची फाइल त्यांच्याकडे जपून आहे का, आणि तिची प्रत मिळेल का. रिटेनर हरवला, दात अजून हलले नसतील, तर त्यावरून पुन्हा माप न देता नवा करता येतो. वरचा एक जादा रिटेनर आत्ताच करून घेता येईल का, हेही विचारा. हॉस्टेलच्या मुलीसाठी तो हवाच, असे माझे मत आहे. खालच्या तारेवरून रात्री घालायला एक पारदर्शक रिटेनर मिळाला तर तार मध्येच सुटली तरी दात धरून राहतात. तपासणीच्या तारखाही आत्ताच ठरवा, क्लिप काढल्यापासून तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याची, पुढे वर्षातून एकदा. तिसऱ्या महिन्याची तारीख जवळ आली आहे. येताना रिटेनर डबीतून नव्हे, तोंडात घालून यायला सांगा. तो कसा बसतो, डॉक्टरांना आधी तेच पाहायचे असते.